घाटाचा दिवस आणि एक पंगत

॥ जय जय राम कृष्ण हरि ॥



आपल्या दिंडीला यंदा शंभर वर्षं पुरी झाली. १९२५ साली आपल्या पंचक्रोशीतली मूठभर माणसं एक वीणा, एक पखवाज नि एक बैलगाडी घेऊन आळंदीला गेली आणि माऊलींच्या पालखीमागं चालू लागली. स्मरणिकेच्या मंडळींनी मला सांगितलं, "बुवा, तुम्ही दिंडीचा इतिहास लिहा." माझं शिक्षण चौथी. शेती करतो आणि पांडुरंगाच्या कृपेनं कीर्तनाला उभा राहतो. कीर्तनात बोलायला अभंगाचं प्रमाण असतं. इतिहासाला प्रमाण कशाचं द्यायचं? माझ्यापाशी तीन प्रमाणं आहेत. एक, आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं, कारण ते पहिल्या वारीला होते. दुसरं, दिंडीच्या हिशेबाच्या जुन्या वह्या, त्यातल्या काही वाळवीनं खाल्ल्या, काही राहिल्या. तिसरं, माझ्या स्वतःच्या पन्नासच्या आसपास वाऱ्या. त्यावरच लिहितो.

विणेकऱ्यांची नावं, चालकांची परंपरा, कोणी कळस दिला, कोणी तंबू दिला, हे या अंकात दुसऱ्यांनी लिहिलंच आहे. मी त्यात पडत नाही. मी वारीतला एकच दिवस धरतो. दिवे घाटाचा दिवस. माणसाची परीक्षा अवघड वेळेला होते तशी दिंडीचीही होते. शंभर वर्षांत आपली दिंडी काय होती आणि काय झाली, हे त्या एका दिवसात जेवढं दिसतं तेवढं पंढरपुरातही दिसत नाही.

पालखीची शिस्त कुठून आली

आधी थोडं मागचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. वारी फार जुनी. पण आज आपण जो पालखी सोहळा पाहतो तो तसा अलीकडचा. तुकोबारायांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची प्रथा सुरू केली. पुढं १८३२ च्या सुमारास हैबतबाबा आरफळकर यांनी माऊलींचा सोहळा स्वतंत्र सुरू केला. हैबतबाबा साताऱ्याकडच्या आरफळचे, ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारच्या पदरी सरदार होते. असं सांगतात की गावाकडे परतताना सातपुड्याच्या डोंगरात त्यांना लुटारूंनी धरलं आणि गुहेत कोंडलं. तिथं त्यांनी हरिपाठ धरला, नि त्यातून सुटका झाली तेव्हा ते घरी न जाता आळंदीला आले आणि उरलेलं आयुष्य माऊलींच्या पायी घातलं. आळंदीच्या महाद्वारात त्यांची पायरी आहे, तिला हात लावूनच आपण पुढं होतो.

माणूस लष्करातला. म्हणून सोहळ्याला शिस्त लष्कराची लागली. अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व आले, तंबू आला, चोपदार आले. दिंड्यांचे क्रम ठरले. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागं. पहाटे कर्णा तीन वेळा वाजतो. पहिल्याला सामान आवरायचं, दुसऱ्याला आपापल्या जागी उभं राहायचं, तिसऱ्याला चालू लागायचं. मुक्कामाला समाजआरती होते. चोपदारांनी दंड वर केला की हजारो टाळ एकदम थांबतात. पण एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी टाळ वाजवत राहते. मग चोपदार तिथं जातात, तक्रार ऐकतात, निवाडा होतो, हरवल्या-सापडल्याची पुकार होते, आणि मग आरती. तक्रारीला जागा ठेवलेली ही शिस्त आहे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, शेवटी लागणार आहे.

आपली दिंडी निघाली त्या काळात कुर्डुवाडीहून पंढरीला बार्शी लाइटची छोटी गाडी धावत होती. पैसे असणारा माणूस गाडीत बसून विठोबाच्या दारात उतरू शकत होता. तेव्हा आमचे वडीलधारे दुसरा इलाज नव्हता म्हणून चालत गेले असं नाही. चालणं हीच त्यांची सेवा होती.

डोंगरातली वाट

आळंदी ते पंढरपूर या वाटेला बहुतेक सपाट मुलूख लागतो. पण पुण्यातून निघाल्यापासून नीरा नदी येईपर्यंत सह्याद्रीच्या डोंगररांगा आडव्या येतात. हडपसरला दोन पालख्यांची वाट वेगळी होते. तुकोबांची पालखी सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरला जाते, माऊलींची सासवड रस्त्याला वळते. उरुळी देवाची, वडकी, तिथं डाव्या-उजव्या अंगाला डोंगर जवळ येतो. पायथ्याला मस्तानी तलाव. तिथून घाट वर चढतो, सुमारे चार किलोमीटरची नागमोडी चढण. माथ्यावर झेंडेवाडी, मग दिवे गाव, मग उताराला सासवड, सोपानकाकांचं गाव.

तिथून पुढंही सगळं सपाट नाही. बोरावके मळा, यमाई शिवरी, साकुर्डे करत जेजुरीचा गड दिसतो. मल्हारीच्या गावात माऊलींवर भंडारा उधळला जातो, भगवी पताका पिवळी होते. जेजुरी सोडली की दौंडज खिंड. खिंडीत न्याहारी, आणि पलीकडं वाल्हे, जिथं वाल्मीकी ऋषींचं नाव घेतात. मग नीरा. पुलापलीकडं माऊलींच्या पादुकांना स्नान होतं आणि सातारा जिल्हा लागतो. तिथं डोंगर मागं राहतो. चढण, उतार, खिंड, पाऊस, वारा, हे सगळं या चार-पाच दिवसांत होऊन जातं. नवा वारकरी टिकणार की माघारी फिरणार, हे इथंच कळतं.

यात घाटाचा दिवस सर्वांत मोठा. पुण्याहून सासवड तीस-बत्तीस किलोमीटर. आणि पांडुरंगाची लीला पाहा, तो दिवस बहुधा ज्येष्ठ वद्य एकादशीचा येतो. म्हणजे वारीतली सर्वांत लांब मजल, सर्वांत मोठी चढण, आणि पोटात अन्न नाही. कोणी मुद्दाम जुळवलं असेल नसेल, पण या एकादशीनंच आपल्या दिंडीला एक मोठी गोष्ट शिकवली. तीच पुढं सांगतो.

पूर्वीचा घाटाचा दिवस

आजोबा सांगायचे, पुण्यातून रात्री दोन-अडीचलाच उठायचं. बायका त्याही आधी उठत. का, तर अंधार आहे तोवर आडोशाला जाऊन यायचं, आंघोळ उरकायची. एवढ्या माणसांत बाईमाणसाला आडोसा मिळायचा तो फक्त अंधाराचा. पुरुषांना हे कधी कळलं नाही. दिंडीच्या इतिहासात बायकांच्या झोपेचं हे देणं कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो.

काकडा व्हायचा. मग राहुट्या सोडायच्या. ओली राहुटी कोरड्या राहुटीच्या दुप्पट जड होते, हे ज्यानं खांद्यावर घेतली त्यालाच ठाऊक. गाडीत आधी तळाला पीठ-मिठाची पोती, त्यावर भांडी, त्यावर वळकट्या, आणि सगळ्यांवर राहुट्या नि घोंगड्या. पुढं प्लास्टिकचा कागद आला तेव्हा पिठाला पाऊस लागायचा थांबला. त्या आधी पीठ भिजलं तर त्याच दिवशी भाकऱ्या थापून मोकळं व्हायचं.

चालीचा क्रम तोच, आजही तोच आहे. पुढं पताकावाले, मग टाळकरी दोन रांगांत, मध्ये पखवाज, मागं विणेकरी, त्यांच्यामागं डोक्यावर तुळस नि पाण्याचा हंडा घेतलेल्या माऊली. सकाळी मंगलाचरण, रूपाचे अभंग, मग वासुदेव, आंधळे-पांगुळे, गौळणी, असं वेळेप्रमाणं भजन. हे भजन नुसतं भक्तीचं नाही, ते चालीचं मापही आहे. सपाटीवर टाळाचा ठेका जलद असतो, चढणीला विणेकरी तो आपसूक संथ करतो. पखवाजवाल्याला दम लागला की दुसरा पखवाज गळ्यात घेतो. ठेका मात्र तुटू देत नाहीत. म्हातारा माणूस एकटा घाट चढला तर दहा ठिकाणी बसेल, ठेक्यात चढला तर दोन ठिकाणी बसतो. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पायांचं सांगतो. जुन्या मंडळींत निम्मी अनवाणी असत, बाकीच्यांच्या पायात टायरच्या चपला. पुण्यापर्यंत फोड येतात आणि घाटात ते फुटतात. उपाय एकच, फोडातून सुई-दोरा काढायचा नि दोरा तसाच आत ठेवायचा, म्हणजे पाणी निघून जातं. रात्री खोबरेल लावून एकमेकांचे पाय चोळायचे. ज्याचे पाय चोळायचे त्याची जात, वय, श्रीमंती विचारायची नाही, अशी रीत होती. आता ही रीत होती म्हणतो, पण जेवताना मात्र ती रीत नव्हती. त्याकडं येतो.

घाटात खरी कसोटी गाडीची. माऊलींच्या रथाला तिथं जादा बैलजोड्या लावतात, ते सर्वांना माहीत आहे. पण आपल्या दिंडीच्या गाडीला जादा जोडी कुठली? एक बैलजोडी, भरलेली गाडी, पावसानं निसरडा झालेला रस्ता. मग गाडीवान हाक द्यायचा, "माऊली, हात लावा!" आणि पन्नास माणसं चाकाला, धुऱ्याला, मागच्या फळीला खांदा द्यायची. एकानं दगड घेऊन चाकामागं चालायचं. बैल थांबले की लगेच चाकाखाली दगड. बैलांनी दम घेतला की परत "पुंडलिक वरदे" नि परत खांदा. असं करत माथा यायचा. माथ्यावर बैलांना आधी पेंड नि पाणी, मग माणसांना.

कोरडं आणि शिजलेलं

आता जे लिहितो ते काहींना आवडणार नाही. पण शंभर वर्षांचा इतिहास लिहायचा आणि तेवढंच गाळायचं, हे विठोबाच्या दारात चालायचं नाही.

दिंडी निघाली तेव्हा दिंडीत सगळ्या आळ्यांतली माणसं होती. गावकुसाबाहेरच्या वस्तीतली चार-पाच घरंही पहिल्या वर्षापासून होती. भजनात त्यांचा आवाज होता, पण चालताना ती मंडळी सर्वांच्या शेवटी. मुक्कामाला त्यांची चूल वेगळी, पंगत वेगळी, झोपायची जागा वेगळी. जुन्या वहीत पीठ-डाळीची खातीही दोन आहेत. एका खात्यावर "दिंडी" लिहिलंय आणि दुसऱ्यावर "मागची मंडळी" लिहिलंय. चोखोबारायांची समाधी महाद्वारासमोर आहे, तिच्यापुढं आपण सगळेच डोकं टेकवत होतो, आणि माघारी येऊन दोन चुली पेटवत होतो.

पण एक दिवस असा होता की त्या दिवशी चूलच पेटत नव्हती. तो घाटाचा दिवस. एकादशी. भाकरी नाही, आमटी नाही. शेंगा, गूळ, थोडा खजूर, तेवढंच. आणि जुन्या लोकांचा नियम होता, कोरड्याला विटाळ नाही, शिजलेल्याला विटाळ. म्हणून झेंडेवाडीच्या माळावर शेंगा-गुळाचं एकच पोतं उघडायचं आणि सगळी दिंडी एकाच गोलात बसून खायची. वर्षातून एकच दिवस आपली दिंडी एका पंगतीला बसत होती, आणि तो दिवस उपवासाचा होता.

आजोबा म्हणायचे, "आम्ही पंचवीस वर्षं त्या गोलात बसलो, पण आमच्या डोक्यात काही आलं नाही. शेंगा खाल्ल्या नि उठलो."

डोक्यात आलं ते १९४७ साली. त्या वर्षी मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात प्राण पणाला लावून उपोषण केलं आणि विठोबाचं देऊळ सर्वांना उघडं झालं. ही बातमी खेडोपाडी गेली. कीर्तनकार दोन्ही बाजूंचे होते. काहींनी देवळात जायचं सोडलं, काहींनी गुरुजींच्या नावानं जयजयकार केला. आपल्या दिंडीतही दोन तट पडले.

त्या वर्षीच्या वारीत दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, सासवडच्या तळावर बारस सोडायची वेळ झाली. नेहमीप्रमाणं दोन चुली. तेव्हा दिंडीतल्या एका म्हाताऱ्या माऊलीनं, जिच्या डोक्यावर वर्षानुवर्षं पाण्याचा हंडा होता, चालकांना सरळ विचारलं. आजोबांनी तिचे शब्द आम्हाला जसेच्या तसे सांगितले होते. ती म्हणाली, "बाबा, काल घाटात पिठाच्या गाडीला यांनी खांदा दिला. तेव्हा पीठ बाटलं नाही. आज त्याच पिठाची भाकरी करायची, तर ती कशी बाटंल?"

कोणालाच उत्तर आलं नाही. पण उत्तर नाही म्हणून लगेच सुधारणा झाली असं समजू नका. त्या दिवशी चुली दोनच राहिल्या. पुढं चार-पाच वर्षं दर वारीला वाद झाला. शेवटी चालकांनी ठरवलं, एक चूल. दोन घराणी रागावून दुसऱ्या दिंडीत गेली. त्यातलं एक घराणं काही वर्षांनी परत आलं, एक आलंच नाही. वहीत त्यानंतर खातं एकच आहे, त्यावर फक्त "दिंडी" असं लिहिलंय.

मी पहिली वारी केली ती १९७३ ची, बहात्तरच्या दुष्काळानंतरची. मी पोरगा होतो, शाळा सुटली होती. वर्षभर आमच्या घरानं रोजगार हमीसारख्या दुष्काळी कामावर खडी फोडली, मिलो ज्वारी नि सुकडी खाल्ली. तरी आजोबा म्हणाले वारी चुकवायची नाही. तेव्हा पंगत एक झालेली होती. पण वाढायला मात्र ठरलेल्या घरचीच माणसं उठत. भाकरीच्या टोपलीला सगळ्यांचे हात लागायला आणखी दहा-बारा वर्षं गेली. चूल एक झाली, पंगत एक झाली, मग टोपली एक झाली. एवढं एक पाऊल टाकायला आपल्या दिंडीला पन्नासच्या वर वर्षं लागली. घाट चढायला चार तास लागतात, हा त्याहून मोठा घाट होता.

नंतर काय बदललं

दुखण्याचा काळ लांब गेला. आजोबांच्या वेळी पटकीची फार भीती. वारीत पटकी सुटली की गावंच्या गावं दिंड्यांना पाणी द्यायला भीत. वारकऱ्याला सुई टोचून घ्यावी लागे, नि पुष्कळ जण सुईला भिऊन आडवाटेनं जात. आता तळावर दवाखाना असतो, टँकर असतात. अलीकडच्या काळात फिरती शौचालयं आली. पुरुषांना हा बदल लहान वाटतो. आमच्या घरातल्या माऊलीला विचारा. ती म्हणते, "वारी तीच, पण आता आम्ही चारला उठतो." दोन तासांची झोप बायकांना मिळायला एवढी वर्षं गेली.

बैलगाडी गेली, ट्रक आला. गॅसबत्ती गेली, जनरेटर आला. लाकडाची चूल गेली, गॅसची शेगडी आली. यात वाईट काही नाही. ओल्या लाकडांवर फुंकून फुंकून डोळे गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. जुनं ते सगळं चांगलं म्हणणारा मी नव्हे.

२०२० साली करोनामुळं माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. २०२१ लाही बसनंच. शंभर वर्षांत दोन वर्षं आपली दिंडी घाट चढली नाही. त्या एकादशीला आम्ही आपापल्या घरी शेंगा-गूळ खाल्ला. तेव्हा पुष्कळांना कळलं की शेंगा गोड नव्हत्या, तो गोल गोड होता.

आता पालखी मार्ग चौपदरी होतो आहे. घाटातही रस्ता रुंद करण्याचं काम चालू झालं. वाट सोपी होईल, गाड्या सरळ जातील, अपघात कमी होतील. म्हाताऱ्या माणसाला ते बरंच. पण माझ्या मनात एक चिंता आहे, ती सांगून लेख संपवतो.

आजची तक्रार

गाडी ट्रक झाली तेव्हा घाटात खांदा द्यायचं काम संपलं. ट्रक पुढं जातो, सासवडला तंबू ठोकून ठेवतो. ज्याला चालवत नाही तो ट्रकमध्ये बसतो, हे योग्यच आहे. पण गेल्या काही वर्षांत पाहतो, चालवत असूनही घाटाच्या दिवशी काही मंडळी स्वतःच्या गाडीनं सासवडला जातात. काही फक्त घाटात येतात, फोटो काढतात नि माघारी जातात. येऊ द्या, माऊलींच्या दारात कोणाला नको म्हणायचं नाही.

खरी गोष्ट वेगळी आहे. शताब्दीच्या निमित्तानं आपल्यातूनच एक सूचना पुढं आली आहे. भिशी दोन प्रकारची करावी. जास्त भिशी देणाऱ्याला वेगळा तंबू, खाट, चार्जिंगची सोय, आणि वेगळं जेवण. कमी भिशी देणाऱ्याला आहे तसं. सूचना करणारे आपलेच आहेत, दिंडीला पैसा लागतो म्हणूनच बोलतात, त्यांच्या मनात पाप नाही. खर्च वाढलाय हेही खरं. ट्रकचं भाडं, डिझेल, मांडव, आचारी, सगळं महाग झालं.

पण मला ती सूचना वाचून जुनी वही आठवली. त्यात दोन खाती होती. आता परत दोन खाती घालायची? तेव्हा जातीची होती, आता पैशाची? तेव्हाची माणसंही म्हणत होती, सोयीसाठी आहे, रीत आहे, कुणाचा अपमान नाही. दोन चुली कुणी वाईट मनानं पेटवलेल्या नव्हत्या. तरी त्या मोडायला पन्नास वर्षं लागली. चूल वेगळी करायला एक सभा पुरते, एक करायला दोन पिढ्या खपतात. हा आपल्या दिंडीचा इतिहास आहे आणि याला प्रमाण आपल्याच वहीचं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं. ज्याच्यापाशी आहे त्यानं जास्त भिशी द्यावी, जरूर द्यावी, पण ती दान म्हणून द्यावी, खाटेचं भाडं म्हणून नको. खाट लागते ती आजाऱ्याला नि म्हाताऱ्याला, मग त्यानं एक रुपया दिलेला असो की हजार. ज्याला चालवत नाही त्यानं खुशाल ट्रकमध्ये बसावं, ट्रक सगळ्यांचा आहे. पण ज्याला चालवतं त्यानं घाटाच्या दिवशी तरी आपली गाडी खाली ठेवावी. आणि झेंडेवाडीच्या माळावर शेंगा-गुळाचं पोतं एकच उघडावं. चालकांपासून आचाऱ्यापर्यंत, ट्रकच्या ड्रायव्हरपासून नव्या पोरापर्यंत सगळ्यांनी एका गोलात बसावं. गेली दहा-बारा वर्षं आपण हे सोडलंय, पाकिटं वाटतो, ज्याला मिळेल तिथं तो खातो. या शताब्दीपासून तो गोल परत धरू या. त्याला खर्च काही नाही. वेळ अर्धा तास.

कोणी म्हणेल, बुवांनी स्मरणिकेत तक्रार का मांडली, गौरव करायचा होता. माऊली, समाजआरतीच्या वेळी ज्याची तक्रार असते त्यानं टाळ वाजवत राहायचा, ही हैबतबाबांच्या सोहळ्यातली रीत. सगळे टाळ थांबले तरी माझा टाळ वाजतो आहे, एवढंच समजा. चालकांनी यावं, ऐकावं, निवाडा द्यावा. पंचांचा निवाडा मला मान्य आहे.

पुढच्या शंभर वर्षांनी आपल्यापैकी कोणी नसेल. वही मात्र राहील, वाळवीनं ठेवली तर. तेव्हा कुणीतरी चौथी शिकलेला पोरगा ती उघडेल. त्याला आपल्या पानावर एकच खातं दिसावं आणि त्यावर फक्त "दिंडी" लिहिलेलं असावं, एवढंच पांडुरंगापाशी मागणं.

चुकलं-माकलं माऊलींनी सांभाळून घ्यावं.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. रामकृष्ण हरि.